कॅनडातला पहिला हिवाळा: तयारी पायांपासून सुरू करा

"ताई, जॅकेट उणे तीसचं घेतलंय, तरी एवढी हुडहुडी का भरते?" सांगलीहून शिकायला आलेला एक मुलगा टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या बसथांब्यावर मला विचारत होता. जॅकेट खरंच चांगलं होतं. पायात मात्र जाळीचे स्पोर्ट्स शूज, आत सुती मोजे, आणि मोजे घोट्यापर्यंत ओले. घरी आणून मोजे काढले तर बोटांची टोकं फिकट पडलेली, आणि हात लावलेला त्याला कळेना. वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं.

टोरांटोच्या आसपास मी तेरा हिवाळे काढले आहेत. दर वर्षी नव्या मंडळींबरोबर खरेदीला जाते आणि तीच चूक पुन्हा पाहते. सगळे पैसे जॅकेटवर जातात, तेही पहिला बर्फ पडल्यावर. पाय, आतले कपडे, घर आणि चालण्याची पद्धत यांची आठवण होते ती कोणी पडल्यावर किंवा आजारी झाल्यावर. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे.

हे सगळं दक्षिण ओंटारिओ, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे त्याचा दक्षिण भाग, डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. टोरांटोत जानेवारीचं सरासरी तापमान उणे ४ च्या आसपास असतं, पण काही रात्री उणे २० पर्यंत उतरतात. विनिपेगला जाणार असाल तर तिथली जानेवारीची सरासरीच उणे १६ च्या आसपास आहे, तेव्हा प्रत्येक गोष्ट एक पायरी जास्त उबदार घ्या. निफाडचा गारठा सोसलेल्यांनीही तो अंदाज इथे लावू नये.

## १. कधी काय करायचं ते आधी ठरवा

सप्टेंबरमध्ये घराची तपासणी करा. ऑक्टोबरमध्ये बूट, आतले कपडे, फ्लूची लस आणि गाडी असेल तर हिवाळी टायर. जॅकेट ऑक्टोबरच्या शेवटी घेतलं तरी चालतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळ एकदम अंगावर येते, त्याच्या आत ही कामं उरका. डिसेंबरमध्ये सर्वसाधारण मापाचे बूट दुकानातून संपलेले असतात, आणि टायर बदलणाऱ्यांकडे पहिल्या बर्फानंतर लवकर वेळ मिळत नाही.

भारतातून काय आणायचं? थर्मलचे दोन-तीन जोड, लोकरीचे मोजे, आईने किंवा आजीने विणलेला स्वेटर. जाड जॅकेट आणू नका. पुण्या-मुंबईत मिळणारी बहुतेक जॅकेटं सहलीच्या थंडीसाठी असतात आणि बॅगेत जागा मात्र खूप खातात.

सावधान: डिसेंबर ते मार्चमध्ये उतरणार असाल तर एक बऱ्यापैकी जॅकेट, कानटोपी, हातमोजे आणि बंद बूट हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग मागे राहिली तर विमानतळाच्या दारापासून गाडीपर्यंतचं अंतरही फार वाटतं.

## २. हवामानाचे आकडे वाचायला शिका

इथे दोन आकडे असतात: तापमान आणि विंड चिल. विंड चिल म्हणजे वारा धरून उघड्या कातडीला किती थंड वाटेल त्याचा अंदाज. तापमान उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर विंड चिल उणे २० च्या आसपास जातो. तो उणे २८ झाला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० ला ५ ते १० मिनिटं पुरतात.

विंड चिल फक्त जिवंत अंगाला लागू आहे. पाणी, पाइप, रस्ता खऱ्या तापमानाखाली जात नाहीत. म्हणून तापमान अधिक १ आणि विंड चिल उणे ६ असेल तर तोंड झाका, पण डबकं गोठलं असेल असं समजू नका. उलट दिवसा अधिक २ आणि रात्री उणे ६ असा अंदाज दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी फार जपून चाला. दिवसा वितळलेलं पाणी रात्री काचेसारखं गोठतं, आणि माणसं पडतात ती जास्त करून अशाच सकाळी.

नवीन माणूस उन्हालाही फसतो. आपल्याकडे ऊन म्हणजे ऊब. इथे जानेवारीत आकाश निळंभोर आणि ऊन लख्ख असतं, तो दिवस अनेकदा ढगाळ दिवसापेक्षा जास्त गार निघतो, कारण रात्री जमिनीची ऊब अडवायला ढग नसतात. खिडकीतून बाहेर बघून कपडे ठरवू नका.

तपासा: निघण्याच्या वेळचं तापमान, त्या वेळचा विंड चिल, आणि परतण्याच्या वेळचं तापमान. तिसरा आकडा लोक विसरतात आणि संध्याकाळच्या बसथांब्यावर काकडतात.

## ३. पाय

बूट सगळ्यात आधी, आणि त्यात काटकसर नको. पैसे कमी असतील तर जॅकेट वापरलेलं घ्या, बूट नवे घ्या. वापरलेल्या बुटाचा तळ झिजलेला असतो आणि आतलं अस्तर दुसऱ्याच्या पावलाप्रमाणे दबलेलं असतं.

बूट बघताना चार गोष्टी पाहा. खालचा भाग रबराचा किंवा पक्का जलरोधक हवा. आत उबदार अस्तर हवं, शक्यतो बाहेर काढून वाळवता येईल असं. तळ मऊ रबराचा आणि खोल खाचांचा हवा, कारण कडक प्लॅस्टिकचा तळ बर्फावर सरकतो. उंची घोट्याच्या बरीच वर हवी. डब्यावर लिहिलेलं "उणे ३०" हे कंपनीचं माप आहे, आणि चालणाऱ्या माणसाचे पाय उभ्या माणसापेक्षा गरम राहतात. तुम्हाला थांब्यावर उभं राहावं लागणार असेल तर थोडी जास्त सूट धरूनच घ्या.

माप घ्यायला दुपारनंतर जा. तोवर पाय थोडे सुजलेले असतात. जे जाड मोजे घालणार आहात तेच घालून जा. बूट घालून, नाडी बांधून, बोटं वर-खाली हलवा. सहज हलली पाहिजेत. मग उतारावर किंवा पायरीच्या कडेवर उभं राहून पुढे झुका. बोटं टोकाला लागली तर अर्धं माप वर जा. त्या मोकळ्या जागेतली हवाच पाय गरम ठेवते.

इथेच सगळ्यात जास्त होणारी चूक आहे: दोन जोड मोजे. दोन मोजे घातले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही, आणि एका मोज्यापेक्षा पाय जास्त गार पडतात. लोकरीचा किंवा लोकरमिश्रित एकच जाड मोजा पुरतो. सुती मोजा घामाने ओला होतो आणि ओलाच राहतो. आमच्या सांगलीच्या मुलाचे मोजे नुसत्या बर्फाने नव्हे, निम्मे घामाने भिजले होते. गोदामात आठ तास पळापळ केल्यावर तो त्याच मोज्यांनी थांब्यावर उभा होता. आता तो डब्याच्या पिशवीत कोरड्या मोज्यांचा एक जोड ठेवतो आणि पाळी संपली की बदलून मगच बाहेर पडतो.

घरी आल्यावर बूट दाराशी प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये काढा. अस्तर काढून रात्रभर वाळत ठेवा, पण हीटरला चिकटवून नाही. दाराशी वितळलेल्या बर्फाचं थारोळं होतं आणि घरात येताच मोजे त्यातच भिजतात, तेव्हा ट्रेच्या पलीकडे सपाता ठेवा. रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे ओरखडे बुटांवर उमटतात. ते वाळून राहिले तर चामडं तडकतं. व्हिनेगर आणि पाणी एकत्र करून फडक्याने पुसा.

ऑफिसात दिवसभर स्नो बूट घालून बसू नका. साधे बूट पिशवीत न्या आणि तिथे बदला. सगळेच असं करतात, त्यात संकोच नको.

तपासा: संध्याकाळी घरी आल्यावर मोजा दाबून पाहा. दमट लागला तर मोजा सुती आहे, बूट गळतो आहे किंवा ऑफिसात बूट काढले नव्हते. कारण शोधून त्याच आठवड्यात दुरुस्त करा.

## ४. अंगावरचे थर

तीन थर. पहिला अंगाला चिकटून, घाम शोषून बाहेर ढकलणारा: मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचं थर्मल. दुसरा ऊब धरणारा: फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं जाकीट) किंवा लोकरीचा स्वेटर. तिसरा वारा आणि पाणी अडवणारा: जॅकेट. आजीच्या हातचा स्वेटर दुसऱ्या थरासाठी उत्तम, पण त्यातून वारा आरपार जातो. वर वारा अडवणारं काही नसेल तर तो एकटा पुरत नाही.

पहिल्या थरात सुती काही नको. आपल्याला सुती बनियनची इतकी सवय असते की लोक थर्मलच्या आत बनियन घालतात. मग घाम त्या बनियनमध्येच अडकतो. तसंच जीन्सचं: वाऱ्याला आडोसा देत नाही आणि ओली झाली की पायाला गार फळीसारखी लागते. आत थर्मल घाला, किंवा लोकरमिश्रित पॅन्ट वापरा.

घराबाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं किंचित गार वाटलं पाहिजे. दारातच छान ऊब वाटत असेल तर दहा मिनिटं चालल्यावर घाम येणार, आणि थांबल्यावर तोच घाम तुम्हाला कुडकुडवणार. चालताना गरम वाटायला लागलं की घाम येण्याआधी चेन खाली करा. बस, मेट्रो, दुकानं आतून तापवलेली असतात. आत शिरल्याबरोबर टोपी, हातमोजे काढा, जॅकेट उघडा. जॅकेट बंद ठेवून अर्धा तास मॉलमध्ये फिरलेला माणूस बाहेर पडताना आतून ओला असतो. मग दोष जॅकेटला देतो.

संक्रांत येते ती थंडीच्या ऐन भरात. हळदीकुंकवाला साडी नेसायची असेल तर परकराच्या आत लोकरीचे लेगिंग्ज, वर पार्का, म्हणजे टोपीचं लांब जाड जॅकेट, पायात बूटच. निऱ्या आणि पदर वर खोचून पिनेने अडकवा, नाहीतर काठाला मिठाचा चिखल लागतो आणि रेशमावरचा तो डाग सहज जात नाही. चपला पिशवीत न्या आणि त्यांच्या घरात गेल्यावर घाला.

## ५. आता जॅकेट, हात आणि डोकं

जॅकेट मांडीपर्यंत लांब, टोपी असलेलं, मनगटाशी आतून आवळणारं आणि दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या चेनचं घ्या. दुकानात जाताना फ्लीस घालून जा आणि त्याच्यावर घालून बघा. हात वर करा, पुढे वाका. पाठ उघडी पडत असेल तर ते लहान आहे.

पिसांचं घ्यावं की कृत्रिम भरणाचं? पिसं हलकी आणि जास्त उबदार, पण भिजली की गोळा होतात आणि ऊब जाते. टोरांटोत शून्याच्या आसपासचा ओला बर्फ बराच पडतो. पिसांचं घेतलंत तर वरचं कापड जलरोधक आहे ना ते पाहा. बसने फिरणाऱ्याला मी कृत्रिम भरणाचं सुचवते. स्वस्त पडतं आणि घरी धुता येतं. वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांत चांगली जॅकेटं मिळतात. घेताना चेन चार वेळा वर-खाली करून पाहा. २६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डे सेलची वाट बघत पहिला हिवाळा काढू नका. तो सेल दुसऱ्या वर्षासाठी.

हातांना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा मिटन (अंगठा वेगळा, बाकी चार बोटं एकत्र) जास्त ऊब देतात, कारण बोटं एकमेकांना तापवतात. आत पातळ मोजे घाला, म्हणजे बसचं कार्ड किंवा फोन काढताना हात उघडा पडत नाही. टोपी कानाच्या पाळीच्या खाली आली पाहिजे. मफलरपेक्षा गळ्यातून घालायची नळी सोयीची, ती सुटत नाही आणि वारा आला की नाकावर ओढता येते.

एक घरगुती सूचना: जॅकेट स्वयंपाकघराजवळच्या खुंटीवर टांगू नका. खिडक्या बंद असतात, आणि फोडणीचा वास पिसांत आणि फ्लीसमध्ये मुरतो. कपाटात टांगून दार लावा, फोडणी देताना पंखा सुरू ठेवा आणि झोपायच्या खोलीचं दारही ओढून घ्या.

## ६. घर

भाड्याने राहत असाल तर एक नियम पाठ करा: ओंटारिओत १ सप्टेंबर ते १५ जून या काळात घरमालकाने राहत्या खोल्यांत किमान २० अंश तापमान राखता येईल अशी व्यवस्था ठेवलीच पाहिजे. ब्रॅम्प्टनला बरीच नवी मंडळी बेसमेंटमध्ये राहतात आणि थर्मोस्टॅट वरच्या मजल्यावर मालकाकडे असतो. वर २१ दाखवतो तेव्हा खाली १७ असू शकतात. पाच-दहा डॉलरचा थर्मामीटर आणा. तो बाहेरच्या भिंतीपासून एक मीटर आत, दीड मीटर उंचीवर ठेवा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकड्यांचे फोटो काढा. मग मालकाला लेखी कळवा. फोनवर "फार गारठा आहे" म्हणण्यापेक्षा हे आकडे उपयोगी पडतात. तरी सुधारणा झाली नाही तर नगरपालिकेकडे तक्रार करता येते.

गरम हवेच्या झडपा जमिनीत किंवा भिंतीत असतात. त्यांच्यावर पलंग, गादी, बॅगा ठेवू नका. खोली थंड असल्याची तक्रार घेऊन मी ज्या घरांत गेले, त्यातल्या कित्येक घरांत झडप सोफ्याखाली होती. फर्नेसचा, म्हणजे घरभर गरम हवा सोडणाऱ्या यंत्राचा, फिल्टर एक ते तीन महिन्यांनी बदलायचा असतो. तो कोण बदलणार ते मालकाला आधीच विचारा. खिडकीच्या फटीतून वारा येत असेल तर हार्डवेअरच्या दुकानात पारदर्शक प्लॅस्टिकचा संच मिळतो. तो चौकटीला चिकटवून केस वाळवण्याच्या यंत्राने तापवला की ताणून बसतो.

तापलेली हवा कोरडी असते. नाकातून रक्त येणं, घसा बसणं, दाराच्या मुठीला हात लावताच झटका बसणं ही त्याची लक्षणं. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. कडाक्याच्या दिवसांत ३० च्या जवळ. ह्युमिडिफायर लावलात तर त्यातलं पाणी रोज बदला. खिडकीच्या काचेवर पाण्याच्या धारा दिसल्या तर आर्द्रता जास्त झाली आहे, कमी करा, नाहीतर चौकटीला काळी बुरशी धरते.

दही लागत नाही, इडलीचं पीठ फुगत नाही, असं प्रत्येक नव्या घरातून ऐकू येतं. ओव्हन बंद ठेवून फक्त त्यातला दिवा लावा आणि भांडं रात्रभर आत ठेवा. ओव्हनच्या दारावर चिठ्ठी चिकटवा, म्हणजे घरातलं कोणी न बघता ओव्हन तापवणार नाही.

सावधान: शेगडी, कोळसा, गॅसची बार्बेक्यू घरात ऊब मिळवण्यासाठी कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद घरात तो झोपेतच जीव घेतो. घरात त्याचा अलार्म आहे का ते पहिल्याच दिवशी पाहा आणि बटण दाबून वाजवून बघा. विजेचा हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशनला नाही. पडदे, अंथरूण आणि वाळत घातलेले कपडे त्याच्यापासून एक मीटर लांब ठेवा. झोपताना बंद करा.

स्वतःचं घर असेल तर बाहेरच्या नळाचं पाणी आतून बंद करून तो नळ उघडून रिकामा करा. हिवाळ्यात भारतात जाताना हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नका; पाइप फुटतात. थर्मोस्टॅट १५ च्या आसपास ठेवा, पाण्याचा मुख्य नळ बंद करा आणि शेजारच्या कोणाला अधूनमधून घर बघायला सांगा. घर किती दिवसांनी कोणी पाहिलं पाहिजे याची अट विम्यात असू शकते, तीही वाचा.

## ७. बर्फावर चालणं

पेंग्विनसारखं चाला. पावलं छोटी, पंजे किंचित बाहेर, गुडघे सैल, वजन पुढच्या पायावर. हात खिशात घालू नका. तोल सावरायला आणि पडलात तर आधाराला ते मोकळे हवेत. फोन चालताना खिशातच.

ताज्या भुसभुशीत बर्फावर पाय धरतो. धोका आहे तो काळ्या, ओल्या दिसणाऱ्या पट्ट्याचा. तो ओला नसून गोठलेला असू शकतो. उतरत्या गाडीवाटा, पन्हाळीखालची जागा, बसमधून उतरतानाचं पहिलं पाऊल, दुकानात शिरल्याबरोबरची ओली फरशी, इथे थांबून पाऊल टाका. घरी आई-बाबा आले असतील तर त्यांच्या बुटांना रबराचे काटेरी पट्टे लावून द्या आणि ते आत येताना काढायला सांगा, कारण फरशीवर तेच घसरतात.

## ८. लहान मुलं

शाळेत मुलांना मधल्या सुट्टीत हिवाळ्यातही बाहेर पाठवतात. फारच कडाका असेल तेव्हाच आत ठेवतात. म्हणून स्नो पॅन्ट (नेहमीच्या कपड्यांवर घालायची जाड, जलरोधक पॅन्ट) रोजची. घालण्याचा क्रम असा: आधी बाथरूमला जाऊन येणं, मग स्नो पॅन्ट, मग बूट, मग जॅकेट, गळ्याची नळी, टोपी आणि शेवटी मिटन. मिटन आधी घातले की मुलाला चेन लावता येत नाही आणि सगळं पुन्हा काढावं लागतं. बुटावर स्नो पॅन्टचं आतलं लवचीक कापड ओढा, म्हणजे बर्फ आत जात नाही. मिटनचे दोन जोड दप्तरात द्या, प्रत्येक वस्तूवर नाव लिहा. लोंबता मफलर लहान मुलाला नको; घसरगुंडीवर अडकून गळ्याला फास बसू शकतो.

सावधान: गाडीतल्या बालआसनात जाड जॅकेट घालून मुलाला बसवू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धडक बसली की फुगलेलं भरण दबतं आणि पट्टा सैल होतो. जॅकेट काढा, पट्टा लावा, मग जॅकेट उलटं करून वरून पांघरा. खात्री हवी असेल तर एकदा जॅकेटसकट पट्टा आवळा, मुलाला उतरवा, जॅकेट काढून त्याच पट्ट्यात पुन्हा बसवा. किती जागा राहिली ते डोळ्यांनी दिसेल.

## ९. गाडी

तापमान ७ अंशांखाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड कमी होते, बर्फ असो वा नसो. चारही टायर बदला; दोनच बदलले तर गाडी वळणावर फिरते. डोंगर आणि हिमकणाची खूण टायरवर असायला हवी. ओंटारिओत हिवाळी टायर सक्तीचे नाहीत, पण लावले तर विम्यात सूट मिळते, ती मागून घ्या. क्वेबेकमध्ये तिथल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च ते सक्तीचे आहेत.

काच धुण्याचं पाणी उणे ४० ला न गोठणारं भरा. टाकी अर्ध्याच्या वर ठेवा. डिकीत बर्फाचा ब्रश, छोटं फावडं, वाळूची पिशवी, पांघरूण, टॉर्च आणि बॅटरी जोडण्याच्या वायरी असू द्या. निघण्याआधी सगळ्या काचा, दिवे आणि छत साफ करा. फक्त समोर भोक पाडून गाडी काढणारे लोक मी पाहिले आहेत. मागचं काही दिसत नाही आणि छतावरचा बर्फ ब्रेक लावताच समोरच्या काचेवर कोसळतो. काचेवर गरम पाणी ओतू नका, ती तडकते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, आणि बर्फात अडकलात तर सायलेन्सरचं तोंड मोकळं करून मगच इंजिन सुरू ठेवा.

चालवताना पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवा. पहिल्या बर्फाच्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये सावकाश ब्रेक मारून पाहा. गाडी किती लांब जाऊन थांबते हे एकदा अंगवळणी पडू द्या.

## १०. कातडी, उजेड आणि मन

खोबरेल तेल २४ अंशांखाली थिजतं, म्हणून इथे बाटली हिवाळाभर दगडासारखी असते. अंगाला तिळाचं तेल वापरा, ते पातळ राहतं. कढत पाण्याची लांबलचक आंघोळ टाळा. कोमट पाणी, दहा मिनिटं, आणि अंग दमट असतानाच जाड मलम. ओठांना आणि नाकपुड्यांच्या कडेला पेट्रोलियम जेली. उटणं रोज लावू नका, कातडी आणखी कोरडी पडते.

डिसेंबरमध्ये टोरांटोत पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि २१ डिसेंबरचा दिवस नऊ तासांपेक्षा थोडा लहान असतो. मुंबईत त्याच दिवशी जवळपास अकरा तास उजेड असतो. झोप वाढणं, गोड खावंसं वाटणं, कोणाशी बोलू नये असं वाटणं हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हळूच सुरू होतं, आणि माणूस त्याला आळस समजतो. म्हणून नोव्हेंबरपासूनच रोज दुपारच्या आत अर्धा तास बाहेर चाला, ढगाळ असलं तरी. सकाळी १०,००० लक्सचा दिवा २०-३० मिनिटं समोर ठेवण्याचा अनेकांना उपयोग होतो. डोळ्यांचा आजार किंवा बायपोलर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन आठवडे मन उचललंच जात नसेल तर डॉक्टरांकडे जा. ८११ वर फोन करून परिचारिकेशी बोलता येतं. रात्री एकटं पडलेल्या विद्यार्थ्यांना मी कळकळीने सांगते, हा फोन करा.

हिवाळ्यातल्या उन्हातून इथे ड जीवनसत्त्व मिळत नाही. १ ते ७० वर्षांपर्यंत दिवसाला ६०० युनिट, ७० च्या पुढे ८०० लागतात. त्यातलं काही दुधातून येतं, कारण इथल्या दुधात ते घातलेलं असतं. भारतातून आणलेली ६०,००० युनिटची पाकिटं डॉक्टरांना न विचारता आठवड्याच्या आठवड्याला घेऊ नका.

## ११. अंग गोठलं तर

हे थंडी सुरू होण्याआधी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. कान, नाक, गाल, बोटं इथे आधी टोचतं, मग टोचणं थांबतं. टोचणं थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. तिथली जाणीव गेली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. ती राखाडी, फिकट किंवा मेणासारखी दिसते. रंगापेक्षा स्पर्शावर भरवसा ठेवा.

आत या. ओले कपडे काढा. बोटं ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा. पाण्याचा अंदाज दुसऱ्याने हात घालून घ्यावा, कारण बधिर हाताला चटका कळत नाही. चोळू नका, बर्फ लावू नका, हीटरवर शेकू नका. बाहेर पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवू नका, आधी आडोसा गाठा. फोड आले, कातडी कडक राहिली किंवा जाणीव परतली नाही तर इस्पितळात जा.

माणूस अडखळत बोलायला लागला, हातातली वस्तू निसटायला लागली, चालताना झोकांड्या जायला लागल्या किंवा कुडकुडणं अचानक थांबलं, तर सगळ्या शरीराचं तापमान उतरलं आहे. ९११ ला फोन करा, कोरड्या पांघरुणात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गोड कोमट पेय द्या. ब्रँडीचा घोट देऊ नका. दारूने अंग गरम वाटतं, पण आतली ऊब कातडीवाटे निघून जाते.

## १२. मार्चमध्ये घाई नको

मार्चमध्ये एखादा दिवस १२ अंशांचा उजाडतो आणि लोक बूट माळ्यावर टाकतात, टायर बदलून घेतात. एप्रिलमध्येही बर्फ पडतो. रात्रीचं तापमान सलग दोन आठवडे ७ च्या वर राहिलं की टायर काढा. जॅकेट धुऊन ड्रायरमध्ये दोन टेनिसचे चेंडू टाकून मंद तापमानावर वाळवा, म्हणजे पिसांचे गोळे फुटतात. बूट आतून पूर्ण वाळवून, कागद भरून ठेवा. मुलांच्या बुटांचं आणि स्नो पॅन्टचं माप चिठ्ठीवर लिहून त्याच खोक्यात टाका. ऑक्टोबरमध्ये किती माप वाढवायचं ते त्यावरून कळतं.